आवडी पाच, वेळ दोन तास: लिहायचं कशावर?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका चाळिशीतल्या आहेत, पूर्णवेळ नोकरी करतात. लिहायला आठवड्यातून जेमतेम दोन तास मिळतात. दीड वर्षापूर्वी त्यांनी लोकांसाठी लिहायला सुरुवात केली. आकाशनिरीक्षण, वाचलेली पुस्तकं, मुलांना गणित शिकवणं, प्रवास आणि जुन्या चावीच्या घड्याळांची दुरुस्ती, अशा सगळ्यावर मिळून चाळीसेक लेख झाले. ओळखीच्यांनी कौतुक केलं, पण वाचणारे तेवढेच राहिले. गेले काही महिने लेखन थांबलंय. 'एकच विषय धर आणि नव्याने सुरू कर,' असं एका स्नेह्याने सुचवलं. ते पटतं, पण निर्णय होत नाही. एक निवडला तर बाकीच्या चार आवडी मागे पडतील, सहा महिन्यांत सांगण्यासारखं संपेल, आणि कशातच पदवी नसताना लिहिण्याचा अधिकार तरी काय, असे तीन प्रश्न त्यांना अडवून धरतात. घरच्यांचा आग्रह गणितासाठी आहे, कारण त्याला वाचक भरपूर मिळतील. आधीचे लेख काढून टाकावेत का, असंही त्यांनी शेवटी विचारलं आहे.

तुमच्या पाच आवडींपैकी कोणती सगळ्यांत मोठी, हे पत्रावरून ठरवायचा प्रयत्न मी केला नाही. तुम्ही स्वतः तेच ठरवत बसलात आणि अडकलात. मी फक्त एवढं पाहिलं, की प्रत्येक आवडीबद्दल लिहिताना तुमची वाक्यं कशी होतात.

आकाशाबद्दल तुम्ही लिहिलंत, की रात्री वर पाहिलं की मन शांत होतं. पुस्तकांबद्दल, की वाचनाशिवाय दिवस अपुरा वाटतो. प्रवासाबद्दल, की नवी ठिकाणं आणि नवी माणसं भेटतात. तिन्ही खरं असणार. पण ही वाक्यं तुमच्याऐवजी आणखी कुणीही लिहू शकलं असतं. मग 'आणि हो, एक जरा वेगळाच छंद' असं म्हणत तुम्ही घड्याळांवर आलात आणि पत्राचा नूरच पालटला. वडिलांचं लंबकाचं घड्याळ उष्ण दिवसांत मागे पडायचं, म्हणून तुम्ही लंबकाखालचा पेच अर्धा फेरा वर घेतलात. थंडी पडल्यावर तेच घड्याळ पुढे पळायला लागलं. तेव्हापासून तुम्ही रोजची चूक वहीत लिहिता. 'टिक आणि टक यांच्यातलं अंतर सारखं नसेल, तर आत हात घालण्याआधी घड्याळ भिंतीवर सरळ लागलंय का ते बघावं,' हे वाक्य तर तुम्ही कंसात टाकलंत. माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्रातलं ते सर्वांत मोलाचं वाक्य आहे. ते वाचून कुणाचं तरी बंद पडलेलं घड्याळ आज चालू होईल.

विषय शोधणाऱ्या सगळ्यांनाच मी हे सांगेन: आवड किती आहे हे मोजू नका, तपशील कुठे साचलाय ते पाहा. आवड मनःस्थितीप्रमाणे कमीजास्त होते. तपशील मात्र वर्षानुवर्षं नुसता गोळा होत राहतो, आपल्याला त्याची किंमत कळत नाही, कारण तो गोळा करायला आपल्याला कष्ट पडलेले नसतात. म्हणूनच बहुतेकांचा खरा विषय त्यांच्या यादीत शेवटी येतो, आणि तोही थोडा संकोचाने.

आता तुमची पहिली भीती, बाकीच्या आवडी मागे पडण्याची. या भीतीमागे असं गृहीत आहे, की अरुंद विषय म्हणजे कमी जागा. घड्याळाच्याच बाबतीत हे तपासून पाहू.

उष्ण दिवसांत तुमचं घड्याळ मागे पडतं, कारण लंबकाचा धातूचा दांडा उष्णतेने लांबतो आणि लांब लंबक सावकाश झुलतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला बरोबर एक सेकंद घेणारा लंबक सुमारे ९९.४ सेंटिमीटर लांब असतो. दांडा पोलादी असेल आणि तापमान २० अंशांनी वाढलं, तर असं घड्याळ दिवसाला साधारण १० सेकंद मागे पडतं. हा हिशोब वर्गमूळ येणाऱ्या कुठल्याही मुलाला कागदावर मांडून दाखवता येतो. म्हणजे तुमचं गणित इथे आलंच, आणि तेही अशा रूपात, की उत्तर बरोबर आलं का ते भिंतीकडे पाहून तपासता येतं.

क्रिस्तियान हॉयगन्सने १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ बनवलं. त्यानंतर सोळा वर्षांनी, १६७२ मध्ये, झाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या कायेन इथे घड्याळ घेऊन गेला. पॅरिसमध्ये बिनचूक चालणारं ते घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. विषुववृत्ताजवळ गुरुत्वाकर्षण किंचित कमी असतं, म्हणून तिथे लंबक सावकाश झुलतो. पृथ्वी पूर्ण गोल नसून मध्यावर फुगीर आहे, या शोधाकडे जाणारा एक महत्त्वाचा दुवा त्या मागे पडणाऱ्या घड्याळाने दिला. प्रवासावर तुम्ही याहून चांगला लेख कुठून आणणार? समुद्रावर तर घड्याळावर जहाजाचं आयुष्य अवलंबून असे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून रेखांश काढताना घड्याळात एक मिनिटाची चूक झाली, तर विषुववृत्तावर जहाजाची जागा सुमारे २८ किलोमीटरने चुकते.

आणि आकाश. एखादा ठरावीक तारा समोरच्या भिंतीच्या कडेआड जाण्याची वेळ रोज जवळपास ३ मिनिटं ५६ सेकंदांनी अलीकडे सरकते. एकाच जागी डोळा ठेवून ही वेळ रोज टिपली, तर घरचं घड्याळ किती चुकतंय ते कळतं. सावलीचं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ वर्षभर एकमेकांशी जुळत नाहीत. गावाच्या रेखांशामुळे पडणारा कायमचा फरक वजा केला, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला सावलीचं घड्याळ सुमारे १६ मिनिटं पुढे असतं, फेब्रुवारीच्या मध्यावर सुमारे १४ मिनिटं मागे. का, हे समजावून सांगायला दोन लेखसुद्धा पुरणार नाहीत. 'आकाश पाहून मन शांत होतं' याच्या पुढचं काहीतरी तुम्हाला इथे लिहिता येईल, कारण आता तुम्ही आकाशाला एक नेमकी गोष्ट विचारताय.

पुस्तकांबद्दल वेगळं सांगायला नको. वरच्यापैकी प्रत्येक गोष्टीमागे वाचन आहेच.

तेव्हा तुमच्या आवडी मागे पडणार नाहीत. त्यांना फक्त घड्याळाच्या निमित्ताने यावं लागेल. एखादा लेख सुचला आणि त्याचा घड्याळाशी काहीच संबंध लागत नसेल, तर तो वहीत लिहावा आणि वहीतच ठेवावा. मला तर वाटतं, एखादी आवड तुम्ही मुद्दाम लिहिण्याबाहेर ठेवा. ज्यावर लिहायचं असतं ते आपण वेगळ्या नजरेने बघायला लागतो, नोंदी घेत, वाक्यं जुळवत. एक तरी गोष्ट अशी हवी जी नुसती पाहावी. ती कोणती, हे तुम्ही ठरवा.

सहा महिन्यांत विषय संपेल, ही दुसरी भीती. चार्ल्स डार्विनने गांडुळांवरचा पहिला निबंध १८३७ मध्ये वाचला आणि त्यांच्यावरचं पुस्तक १८८१ मध्ये प्रसिद्ध केलं, मृत्यूच्या आदल्या वर्षी. मधली ४४ वर्षं तो इतरही पुष्कळ कामं करत होता, पण गांडुळं सुटली नाहीत. १८४२ मध्ये त्याने एका शेतावर खडूचे तुकडे पसरून ठेवले आणि २९ वर्षांनी तिथे चर खणला. गांडुळांनी वर आणलेल्या मातीखाली तो पांढरा थर सुमारे १८ सेंटिमीटर खोल गेला होता. गांडुळांना ऐकू येतं का हे पाहायला त्याने त्यांच्यासमोर शिट्टी, बसून नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य आणि पियानो वाजवून घेतला. त्यांनी दखल घेतली नाही. पण कुंड्या पियानोवरच ठेवून सूर वाजवला, तेव्हा कंपनं जाणवून ती बिळात शिरली. एवढ्याशा जिवाबद्दल विचारण्यासारखं त्याच्याकडे कधी संपलं नाही, कारण प्रत्येक उत्तरातून त्याला पुढचा प्रश्न मिळत होता.

लेखन रेंगाळतं ते बहुतेक वेळा विषय लहान असल्यामुळे नाही. विषयाचं फक्त नाव असतं, प्रश्न नसतो, म्हणून ते रेंगाळतं. 'घड्याळं' हे नाव आहे. त्यावर पहिले पाच लेख झाले, की सहाव्याला काय लिहावं ते कळत नाही. 'चावीचं जुनं घड्याळ घरच्या घरी नीट चालतं कसं ठेवायचं, आणि ते चुकतं तेव्हा नेमकं काय झालेलं असतं?' हा प्रश्न आहे. तो तुम्हाला दर आठवड्याला नवं काम देईल. बागकामाची आवड असलेल्यांनी 'बागकाम' म्हणू नये, फक्त दुपारनंतरचं ऊन येणाऱ्या खिडकीत काय जगतं ते विचारावं. बुद्धिबळावर लिहू पाहणाऱ्यांनी सगळा खेळ सोडून पटावर राजे आणि थोडी प्यादी उरतात तेवढाच भाग धरावा. चालायला आवडणाऱ्यांनी एकच वाट वर्षभर पाहावी. प्रश्न इतका नेमका हवा, की तो वाचून एखाद्याला वाटलं पाहिजे, 'हे माझ्यासाठी नाही.' म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी वाटेल, की हे माझ्याचसाठी आहे. तुमच्या मिश्र लेखनाला ओळखीच्यांपलीकडे वाचक मिळाले नाहीत, याचं कारण मला इथे दिसतं. अनोळखी माणूस तुम्हाला शोधत येत नाही, तो आपली अडचण घेऊन येतो. घड्याळाचा लेख वाचून तो खूश झाला तरी पुढचा लेख प्रवासाचा निघाला, की त्याला थांबायचं कारण उरत नाही.

पण सगळ्यांनी एकच विषय धरलाच पाहिजे, असंही मी म्हणणार नाही. काहींची लिहिण्याची रीतच अशी असते, की ती व्यक्ती कशाबद्दलही बोलली तरी ऐकावंसं वाटतं. कुणी मोजक्या स्नेह्यांसाठीच लिहीत असतं आणि त्यांना तेवढंच हवं असतं. अशांनी खुशाल सगळ्यावर लिहावं. तुमच्या पत्रात अनोळखी वाचक न मिळाल्याची खंत दोन ठिकाणी आहे, म्हणून तुम्हाला हा सल्ला देत नाही. दोन विषय आलटून पालटून घेण्याचाही विचार तुमच्या मनात येईल. आठवड्याला दोन तासांत ते जमणं अवघड आहे. प्रत्येक विषयाची तयारी वेगळी, संदर्भ वेगळे, आणि एकाची लय लागते तोवर दुसऱ्याची पाळी येते.

घरच्यांच्या आग्रहाबद्दल. मुलांच्या गणिताला मागणी आहे, यात शंका नाही. पण तुम्ही गणितावर जो परिच्छेद लिहिलात, त्यात पालक काय विचारतात, शाळा काय अपेक्षा ठेवतात, एवढंच आहे. तुम्हाला स्वतःला त्यात काय खुपतं किंवा खुणावतं, याचा एकही शब्द नाही. मागणी बघून निवडलेल्या विषयात काही आठवड्यांनी लिहिणं म्हणजे पुरवठा होऊन बसतं. नोकरीनंतरच्या दोन तासांत तेवढी ओढ टिकणार नाही. शिवाय तुम्ही शिकवता ती मुलं तुमच्या लेखात यायला लागतील, कुणाला काय जमलं नाही यासकट. नाव न देताही ओळखीचे लोक ओळखतात. मुलांनी त्यासाठी होकार दिलेला नसतो. आजारपण, घरातली भांडणं, नोकरीच्या जागी चाललेल्या गोष्टी, असे विषय निवडू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे आधी तपासावं: माझ्या लेखासाठी कच्चा माल कोण पुरवतंय, आणि त्याला हे माहीत आहे का?

आता अधिकार. विल्सन बेंटली हा अमेरिकेतल्या व्हर्माँटचा शेतकरी. त्याचं बरंचसं शिक्षण घरीच झालं. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून त्याने १८८५ मध्ये एका हिमस्फटिकाचा फोटो काढला आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांहून अधिक स्फटिक टिपले. त्याच्याकडे शास्त्रज्ञांनी लक्ष दिलं ते त्या चित्रांमुळे. तुमच्याकडे रोजच्या चुकीची वही आहे. 'हे घड्याळ अमुक महिन्यात दिवसाला इतके सेकंद मागे पडलं, मी हे केलं, मग असं झालं' एवढं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला पदवी लागत नाही. वाचक तुमच्याकडून सिद्धान्त मागत नाही, केलेल्या कामाचा हिशोब मागतो.

पदवी नसली तरी जबाबदारी मात्र येते, आणि अरुंद विषयात ती जास्तच येते, कारण लोक वाचून लगेच करून बघतात. चावीच्या घड्याळातल्या गुंडाळलेल्या स्प्रिंगमध्ये भरपूर ताण साठलेला असतो. तो आधी उतरवल्याशिवाय घड्याळ खोललं, तर स्प्रिंग झटक्यात सुटून हाताला गंभीर इजा होऊ शकते. काही जुन्या घड्याळांच्या अंधारात चमकणाऱ्या आकड्यांत आणि काट्यांत रेडियम या किरणोत्सर्गी धातूचा रंग असतो. चमक विझली तरी रेडियम तिथे असतंच, त्याचा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षांचा आहे. असा रंग खरवडायचा नाही, घासायचा नाही, त्याची पूड श्वासात जाऊ द्यायची नाही. ही दोन वाक्यं तुमच्या पहिल्याच लेखात असावीत असं मला वाटतं. आणि जे तुम्ही स्वतः केलेलं नाही, तिथे 'हे कारागिराकडे न्या' असं स्पष्ट लिहा. त्याने तुमचा अधिकार कमी होत नाही, लोकांचा विश्वास वाढतो.

प्रत्यक्ष सुरुवात कशी करायची? या आठवड्यातले दोन तास लेख लिहू नका. एका बैठकीत फक्त मथळे लिहा, वीस तरी. तुमच्या पत्रातूनच मला हे दिसतात: टिकटिक लंगडते तेव्हा, पेच अर्धा फेरा फिरवला की किती सेकंदांचा फरक पडतो, रोमन आकड्यांच्या तबकडीवर चारचा आकडा चार उभ्या रेघांनी का काढतात, तेल कुठे घालायचं आणि कुठे मुळीच नाही, टोल्यांची संख्या काट्यांशी जुळत नसेल तर. वीस झाले, की प्रत्येकापुढे लिहा, की याचा तपशील माझ्याकडे आहे, की शोधावा लागेल. निम्म्यांपुढे 'माझ्याकडे आहे' आलं, तर विषय पक्का समजा. पाच-सातवर गाडी अडली, तर हीच परीक्षा दुसऱ्या आवडीला लावून बघा. माझा अंदाज घड्याळाच्या बाजूने आहे, पण पत्र वाचून केलेला अंदाज तो. मथळे तुमच्या हातून उतरले पाहिजेत.

मग तीन वाक्यं लिहून समोर लावा: हे लेखन कुणासाठी आहे, कुठला प्रश्न सोडवतं, आणि कशाबद्दल नाही. तिसरं वाक्य लोक टाळतात. तेच पुढे सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं, कारण मोह तिथेच होतो. तुमच्या बाबतीत 'महागड्या मनगटी घड्याळांबद्दल नाही, संग्राहकांच्या खरेदी-विक्रीबद्दल नाही' असं काही येईल.

पहिले पाच लेख कुणालाही न दाखवता पूर्ण करा. जाहीर केलं, की कौतुक आधी मिळतं आणि काम मागे राहतं. शिवाय पाच लेख शेजारी ठेवून वाचले, की तुमचा खरा प्रश्न ठरवलेल्या प्रश्नापेक्षा थोडा वेगळा निघेल. तो बदलायचा असेल तर तेव्हाच बदलावा. पुढे पंधरवड्याला एक, या गतीने बारा लेख करा. एका आठवड्याचे दोन तास घड्याळापाशी, दुसऱ्याचे दोन कागदापाशी. घड्याळाचा वेळ लिहिण्यासाठी खर्ची घालू नका, नाहीतर तपशील यायचा थांबेल. बारा झाल्यावर वाचकसंख्या बघण्याआधी हे बघा, की अनोळखी माणसांनी नेमके प्रश्न विचारले का. तसे दोन जरी आले असतील, तरी पुढच्या बारांचं काम तुम्हाला मिळालं. एकही आला नसेल आणि तुम्हालाही लिहिताना जड जात असेल, तर विषय बदला. सहा महिन्यांत एक विषय नीट तपासून सोडला, यात वाया काही जात नाही.

राहिले जुने चाळीस लेख. काढून टाकू नका. त्यांना नव्या लेखनापासून वेगळं ठेवा, म्हणजे नव्याने येणारा वाचक गोंधळणार नाही. मात्र त्यातले घड्याळांचे लेख शोधून आजच्या वहीशी ताडून बघा. दीड वर्षात तुमच्या नोंदी वाढल्या आहेत, त्यामुळे तेव्हाची काही विधानं आता सुधारावी लागतील. सुधारलेले लेख नव्या मालिकेत घ्या आणि कुठे काय बदललं ते वर एका ओळीत लिहा.